बद्द वाजणारं बोट

शिवातात्या पाथरवट कुणाला नमस्कार करत नसत. हातोडीच्या दांड्यानं छातीवर टकटक करून कान लावत. दगड घेताना वाजवून बघायची सवय माणसांवर उतरली होती. सलग दगड ठणठणतो, आत चीर असली की बद्द वाजतो. कलिंगड, दाराची चौकट, गल्लीतला नवा जावई, काहीच सुटत नसे. मलकापूरच्या चहावाल्याला ते एकदा म्हणाले, "डावीकडं बद्द हाय रं." सगळे हसले. पंधरवड्यात त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तात्या दिसले की लोक शर्टाची बटणं लावत.

मी शाळामास्तर. रोज दुपारी त्यांच्या शेडमध्ये चहाला जाई. दुसरं कुणी फिरकत नसे. तात्या मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी घडवत. तोवर तोंडावर ओलं पोतं. "डोळं न्हाईत तवर बघायचं न्हाई," अशी ताकीद. पोत्यांखाली कुणीतरी श्वास धरून बसलंय, असं वाटे.

शहाण्णव साली सांगलीकडच्या एका विहाराची बुद्धमूर्ती होत होती. उजव्या हाताची बोटं भुईला टेकलेली. "तुझ्या ज्ञानाला साक्षीला कोण हाय म्हणून इचारलं," तात्या सांगत, "तवा ह्यांनी भुईला हात लावला."

एके दिवशी ते बाहेर गेले आणि मी पोतं उचललं. डोळ्यांच्या जागी नुसता गुळगुळीत दगड. तरी त्यातून कुणीतरी पाहिलं. दचकून मागे सरलो, टेकवलेल्या पहारीला कोपर लागलं आणि ती मूर्तीच्या हातावर पडली. मधल्या बोटाचं टोक तुटलं. गोंद आणि दगडाची भुकटी लावून मी ते चिकटवलं.

तात्या आले. मूर्ती वाजवत वाजवत बोटापाशी थांबले. बद्द.

"कुणी आलतं काय रं?"

"नाही, तात्या."

मग त्यांनी माझी छाती वाजवली. कान लावला, माझ्याकडं पाहिलं आणि चहाचा कप पुढं सरकवला.

विहारवाल्यांना म्हणाले, "माझ्या हातनं गेलं." चिकटवलेलं टोक काढून तुटक्या बोटाखाली त्यांनी दगडाची पातळ चकती बसवली. बोट पोचत नाही, तर भुईनं वर यावं, म्हणाले. पण म्हाताऱ्याचा हात कापतो, अशी बोलवा झाली. पुन्हा कुणी त्यांच्याकडं मूर्ती सांगितली नाही.

दोन वर्षं मी तरीही रोज त्यांचा चहा प्यालो. शेवटी ते खाटेला लागले तेव्हा मी तोंड उघडलं. "तात्या, ते बोट..."

"ठावं हाय. तवाच मी बोललो असतो, तर तू लाजंनं यायचा थांबला असतास. मग मी च्या कुणासंगं घ्यायचा?"

त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. "वाजीव."

मी दांड्यानं त्यांची छाती वाजवली. कान लावला.

"कसं हाय, मास्तर?"

"ठणठणीत," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडं तसंच पाहिलं, त्या दिवशीसारखं, आणि कप पुढं सरकवला.