गोधडीचं दुसरं टोक

आमच्या घरमालकांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कुणालाही उघडता येत नसे. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं भाडेकरू होतो, आणि त्यातला बराच काळ मी तोंडाला साबण फासून त्या नळासमोर उभा राहून काढला आहे. "नाना, नळ!" अशी आरोळी ठोकायची. मग नाना गोठ्यातून किंवा कांद्याच्या वाफ्यातून सावकाश येणार, दोन बोटांनी तोटी फिरवणार, "काय सर, येवढी पुस्तकं वाचता आन् नळ उघडत न्हाई?" असं विचारणार, आणि माझं तोंड धुऊन झालं की नळ पुन्हा तसाच आवळून निघून जाणार.

बोरी बुद्रुकच्या शाळेत मराठी शिकवायला मी आलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. बबननानांच्या घराच्या दोन खोल्या मला मिळाल्या. नाना शेतकरी, पण सगळ्या शिवारातल्या पंपांच्या मोटारी बसवायचं कामही तेच करत. दिसायला पहिलवान वगैरे मुळीच नव्हते. उंची बेताची, छाती त्याहून बेताची. फक्त हात तेवढे भलत्याच मापाचे, देवानं दुसऱ्या कुणासाठी घडवलेले आणि घाईत यांना लावून टाकलेले. नट आवळायला ते पान्हा वापरत नसत. "पान्हा म्हंजी सासरवाडी. लईच अडलं तर जावं," असं त्यांचं मत होतं. गावातल्या दुरुस्त्या सगळ्या त्यांच्याकडेच येत, कारण त्यांनी आवळलेलं सोडवायला दुसरं कुणी नव्हतं. घरात मात्र लोणच्याच्या बरणीला हात लावायची त्यांना बंदी होती. "ह्या सालचं लोनचं ह्याच साली खायचंय आमाला," असं त्यांच्या पत्नी ताराकाकी म्हणत.

नानांचं पालुपद एकच होतं: "न्हाई तर नाव बदलीन." हा नट सुटला तर नाव बदलीन, हा पाइप गळला तर नाव बदलीन. टपरीवर कुणी विचारायचं, "आन् बदलून काय ठेवणार, नाना?" तर म्हणायचे, "ते तवाचं तवा."

त्यांच्या मुठीनं गावावर एकदा उपकारही केले. शाळेच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला एक पुढारी आले होते. खोलीला तोवर तीनच भिंती होत्या, पण पुढाऱ्यांचा दौरा चौथ्या भिंतीसाठी थांबणारा नव्हता. ग्रामस्थ रांगेत उभे होते. साहेब प्रत्येकाशी हस्तांदोलन करत, तोंड फोटोग्राफरकडे ठेवून पुढे सरकत होते. नाना चौथे होते. त्यांनी मनापासून हात मिळवला. साहेबांचं हसू फोटोग्राफरच्या दिशेनंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. पाचव्या माणसापासून त्यांनी लांबूनच नमस्कार सुरू केले. भाषणाचे कागद भरपूर आणले होते. पण उजवा हात खिशातून निघेना आणि डाव्या हातानं पानं उलटेनात, म्हणून दुसऱ्या पानावरच त्यांनी गावाच्या उज्ज्वल भवितव्याची खात्री देऊन टाकली. इतकं आटोपशीर भाषण आमच्या शाळेत त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी नानांना पहिला नंबर द्या."

पण त्या मुठीचा खरा सोहळा वर्षातून एकदा, घट बसायच्या आधी असायचा. त्या आठवड्यात घरोघरची अंथरुणं-पांघरुणं कुकडीवर धुवायला निघतात. काम बायकांचं. पुरुषांनी गाठोडी नदीवर पोचवायची आणि नाहीसं व्हायचं, अशी रीत. नाना नाहीसे होत नसत. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ते सरळ पाण्यात उतरत. काकींच्या जुन्या लुगड्यांच्या पाच गोधड्या होत्या. भिजल्या की एकेक वासराएवढी जड. काकी एक टोक काखेत घट्ट धरून नुसत्या उभ्या राहत, आणि दुसऱ्या टोकानं नाना असा पीळ घालत की गोधडीची काठी व्हायची. मग ती वर धरून काठावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं ओरडत, "एक थेंब गळला, तर नाव बदलीन!"

टपरीवर त्यांची थट्टा व्हायची. "नाना, काय बायकांच्यात जाता राव?"

"ताकद दाखवाय जातो. तुमच्याकडं हाय का काय दाखवण्यासारखं?"

मला दिखाऊपणाचा मुळात कंटाळा. पुढाऱ्याला मंच लागतो, यांना नदी लागते, एवढाच फरक, असं मी मनात म्हणत असे. मास्तर लोक मनात बरंच काही म्हणतात.

मग एका श्रावणात नानांना ताप आला. तो उतरला, आणि चौथ्या दिवशी पायांना मुंग्या आल्या. सहाव्या दिवशी हातातला चहाचा कप सुटला. आठवडा संपायच्या आत ते पुण्याच्या दवाखान्यात होते आणि त्यांच्या वतीनं एक यंत्र श्वास घेत होतं. शरीराच्या स्वतःच्याच फौजेनं स्वतःच्याच नसांवर हल्ला केला होता, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नानांनी पुढे त्याचं भाषांतर केलं, "घरचंच कुत्रं चावलं."

ते परत आले ते दिवाळीच्या तोंडावर. ओसरीत बसले तेव्हा दोन्ही हात मांडीवर असे ठेवले होते, की जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिलेत. त्या संध्याकाळी मी नळावर गेलो आणि तोटी एका बोटानं फिरली. इतक्या वर्षांत मी तो नळ पहिल्यांदा सहज उघडला तो तेव्हा, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

त्या वर्षी त्यांच्या घरच्या गोधड्या धुतल्याच गेल्या नव्हत्या. मुलगा-सून चाकणला, कंपनीत. सून म्हणाली, मी येते. शेजारच्या सोनाबाई म्हणाल्या, मी धरते दुसरं टोक. काकी दवाखान्यातून दोन दिवसांसाठी येऊन गेल्या होत्या; त्यांनी गोधड्या उन्हात घातल्या, झटकल्या आणि घडी करून ठेवल्या. "ऱ्हाऊ द्या. येतील ते." अंथरुणं न धुताच घट बसवला म्हणून बायका महिनाभर कुजबुजत होत्या.

डॉक्टरांनी मुठीच्या व्यायामासाठी एक मऊ चेंडू दिला होता. "सर, मी काय रांगतोय व्हय?" असं म्हणत नानांनी तो दाबला. चेंडूला काही कळलंसुद्धा नाही. मग तो त्यांनी गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवून दिला आणि स्वतःचा अभ्यासक्रम आखला. सकाळी भाकरीचं पीठ मळायचं. त्या काळात काकींच्या भाकरी तालुक्याच्या नकाशासारख्या दिसत. दुपारी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे उघडमीट करायचे. आणि संध्याकाळी पिळायचं. आधी ओला रुमाल, मग पंचा, मग चादर. मला नीट समजावं म्हणून त्यांनी ते माझ्या भाषेत सांगितलं, "रुमाल म्हंजी पयली, सर. पंचा म्हंजी चौथी. चादर म्हंजी मॅट्रिक."

"आणि गोधडी?"

"ते कालेज. येत्या घटाला गोधडी पिळणार. न्हाई तर नाव बदलीन."

हे त्यांनी टपरीवरही जाहीर केलं. तेव्हापासून रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "काय नाना, कितवीत?" नाना प्रामाणिकपणे इयत्ता सांगत. संक्रांतीला ते पहिली पास झाले. शिमग्याला चौथी.

डॉक्टरांची एक सूचना मात्र त्यांना मुळीच पटली नव्हती. हा आजार नसांचा. दमेपर्यंत जोर केला तर आलेलं बळही जातं, म्हणून दमायच्या आधी थांबायचं. "दमायच्या आधी थांबायचं, तर सुरू कशाला करायचं?" हा नानांचा सवाल. चैत्रात एका दुपारी, काकी देवळात गेलेल्या पाहून, त्यांनी गोठ्यामागे चादर भिजवून तीसदा पिळली. तिसाव्या खेपेला मला बोलावून दाखवलीही. मी मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात चमचा राहीना.

आठ दिवस नाना हौदाच्या कठड्यावर बसून होते. "कितवीत?" असं कुणी विचारलं तर उत्तर देत नसत. मी जाऊन शेजारी बसलो. ते म्हणाले, "सर, समजा, न्हाईच आली मूठ…" आणि तिथंच थांबले. 

तेवढ्यात काकी आल्या. त्यांनी रुमाल हौदात बुडवला, तो ओलाच नानांच्या हातात दिला आणि आत गेल्या.

नानांनी रुमालाकडे पाहिलं. "नापास झालो, सर. परत पयली."

त्यानंतर सोय अशी झाली की पिळायचं नानांनी आणि थांबवायचं काकींनी. चुलीपुढून आवाज यायचा, "पुरे!" आणि नाना ताबडतोब हातातलं खाली ठेवत. आत बसून त्यांना कसं कळायचं, हे मला कधी समजलं नाही. बहुधा नानांच्या श्वासावरून कळत असावं. दवाखान्यात त्या दोन महिने तोच ऐकत बसल्या होत्या.

श्रावणात मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "नाना, एवढा अट्टहास कशाला? चाकणला सुनेकडे वॉशिंग मशीन आहे. गोधड्या पाठवून द्या." शिकलेला माणूस इतका बिनडोक कसा असू शकतो, अशा चेहऱ्यानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चिमट्यांची दोरी घेऊन ते आत गेले.

घट बसायच्या चार दिवस आधी गाठोडी कुकडीवर निघाली. मी शाळेतून अर्धी रजा टाकली. नदीवर नेहमीपेक्षा गर्दी होती, आणि धुणं नसलेली माणसंही बरीच होती. नाना लेंगा दुमडून पाण्यात उतरले, पण या खेपेला हळूहळू, दगड चाचपत. ते गोधड्या बुचकळत होते तोवर काकी माझ्याजवळ काठावर उभ्या होत्या.

मी म्हणालो, "काकी, यंदा नुसतं पाण्यातून काढून वाळत घातल्या असत्या तरी चाललं असतं की."

काकींनी उजवा हात पुढे केला. मनगटाजवळ हाड वाकडं होतं. अकरा वर्षं त्या हातचं जेवलो होतो आणि ते कधी पाहिलं नव्हतं.

"लग्नाच्या दुसऱ्या साली मी हितंच घसरले. वली गोधडी व्हती हातात. हाड बसवलं, पन वाकडंच बसलं. तवापासनं मला पीळ घालता येत न्हाई. सासू म्हनायची, कसली बायको केली, हिला गोधडीबी पिळवत न्हाई. मग पुढल्या साली हेच आले नदीवर. लोकं हसाय लागली, तर म्हनाले, मी ताकद दाखवाय आलोय."

"म्हणजे मुठीची ताकद दाखवायला…"

"कुठली मूठ, सर! त्या साली ह्यांनी पिळलेली गोधडी घरापतूर गळत व्हती. मूठ मागनं आली, दरसाल पिळून पिळून." एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि त्या पाण्यात उतरल्या.

काकींनी आपलं टोक काखेत धरलं. नानांनी दुसरं टोक उचललं आणि पीळ घातला. एक, दोन, तीन.

"पुरे," काकी म्हणाल्या.

नाना थांबले. टोक गुडघ्यांत धरून त्यांनी हात मोकळे सोडले, चार श्वास घेतले, पुन्हा धरलं. असं तीनदा झालं. आयुष्यात पहिल्यांदाच नाना चारचौघांत दमायच्या आधी थांबत होते, आणि नेमकं त्या दिवशी सगळं गाव बघायला आलं होतं. शेवटचा पीळ पडला. गोधडीची काठी झाली नाही; फार तर जाडसा दोर झाला. नानांनी तो दोन्ही हातांनी वर धरला. मूठ सुटली नाही.

ते काही ओरडले नाहीत. आणि गोधडीतून पाणी गळू लागलं. थेंब कसले, चांगली धारच लागली, थेट नानांच्या खांद्यावर.

 काठावरच्या सोनाबाईंना राहवलं नाही. "नाना, नाव!"

नानांनी वर गोधडीकडे पाहिलं, मग काकींकडे. काकी खाली वाकून पुढची गोधडी बुचकळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बदला की खुशाल. मला कुठं घ्यायचंय तुमचं नाव? लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच."

सगळी नदी हसली. नानाही हसले, इतके की वर धरलेली गोधडी त्यांच्याच डोक्यावर आली. ती बाजूला करून, भिजलेल्या केसांनी ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे हेच."

आणि दुसऱ्या गोधडीचं टोक त्यांनी हातात घेतलं. अजून चार राहिल्या होत्या.