पूजेत बसलेला चार्जर

"माझं पदवीला फिजिक्स होतं म्हटलं! एक चार्जर सांभाळता येणार नाही होय मला?"

कुमुद हे म्हणाली तेव्हा जिजा तिच्या कडेवर होती. जिजाच्या गळ्यात वाघनख, मनगटात काळा गोफ, गालाला तीट आणि झबल्याला आतून टाचलेली बिब्ब्याची चकती. फिजिक्स शिकलेल्या बाईनं सव्वा वर्षाच्या लेकीचा हा चारी बाजूंनी केलेला बंदोबस्त बघून तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, हसू फुटलं होतं. पण कर्जतहून मुंबईची गाडी गाठायची होती, म्हणून त्यानं ते मिशीत दाबलं.

"सांभाळायचं काहीच नाही, अगं. बटण फिरवून ठेवलंय. ते टिकटिक करत शून्यावर येतं, टिंग वाजतं, चार्जर बंद! दिवेलागणीच्या आत आपोआप होईल. तू फक्त हात लावू नकोस."

"मी कशाला लावतेय हात?"

आणि खरंच, पूजेपुरता सोडला तर कुमुदनं हात लावला नाही. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला!

आधी तो चार्जर ज्या गाडीचा होता, तिचं सांगायला हवं. खालापूरच्या वाटेवर शेठची आंब्या-चिकूची बाग होती आणि दिगंबर तिथला नवा कोरा मॅनेजर. बागेत एक टेकाड, टेकाडावर देवीची घुमटी. शेठच्या आई, मोटीबा, दर दसऱ्याला तिच्या पाया पडायला येत. पण दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे रुसले होते. म्हणून शेठनं मुंबईच्या कुठल्याशा जिमखान्यातून गोल्फवाल्यांची जुनी गाडी उचलून आणली. विजेवर चालणारी! धूर नाही, आवाज नाही. म्हातारा माळी बुधाजी तिला 'मुकी' म्हणे. मुकीसाठी गोठा रिकामा केला होता, आणि मंगळी गाय बाहेर चिंचेखाली उभी राहून तिच्याकडे सवतीसारखी बघत असे.

शेठनं दिगंबरला बजावलं होतं, "दसऱ्याला बा गाडीत बसून वर गेली पाहिजे. गाडी बिघडली, तर तू पण तुझी ट्रंक बांधायची."

ट्रंक बांधायची म्हणजे नोकरी तर जाणारच, वर बागेतली दोन खोल्यांची जागाही! तेव्हा उद्या मोटीबांना घेऊन शेठ येणार आणि आज खंडेनवमीला मुकीचं पोट विजेनं भरून ठेवायचं, एवढंच काम होतं. दिगंबर शेठना आणायला गेला. जाताना शिरस्त्याप्रमाणे शेठच्या बंगल्याला कुलूप लावून किल्ल्या खिशात घातल्या. बंगल्यात टेलिफोन होता. बागेचा मेन स्विचही होता. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय!

बारा वाजता बुधाजी आणि त्याची बायको गोदूबाई यांनी गोठ्यात पूजा मांडली. खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा मान! विळे, कोयते, कुदळी, कात्र्या, पान्हे, पकड, झाडून सगळं पाटावर मांडलं. मुकीचं आसन वर उघडलेलं, खाली बॅटऱ्यांची रांग, बाजूला ट्रंकेएवढा चार्जर घूं घूं करतोय. त्यांनाही झेंडूच्या माळा पडल्या. समोर निरांजन लागलं.

कुमुद म्हणाली, "गोदूबाई, चार्जरला जरा जास्त कुंकू लावा हो. परदेशी यंत्र आहे, काय भरवसा! जिजा सारखी इकडे रांगत येते."

"मग तुमीच लावा बाय, तुमच्या हातानं."

मग काय! कुमुदनं बटणाला हळदीकुंकवाचं गंध लावलं, त्यावर अक्षता चिकटवल्या, आणि नैवेद्याच्या गूळखोबऱ्यातला एक चांगला लिंबाएवढा गोळा बटणावरच दाबून बसवला. यंत्र तृप्त झालं म्हणजे लेकीच्या वाटेला जाणार नाही, असा साधा हिशेब.

गोदूबाई हात जोडून म्हणाली, "आता उद्या दसऱ्याची पूजा होईस्तोवर कशाला हात लावायचा नाय. बसलेली पूजा कुनी हलिवली तर घरातल्या लहान पोराला भोवतं, बाय."

हे शेवटचं वाक्य कुमुदच्या काळजात खिळ्यासारखं बसलं.

दिवेलागण झाली. मंगळी हंबरली. चार्जर घूं घूं करतच होता.

"होईल आता बंद," कुमुद म्हणाली.

जिजाचा वरणभात झाला. घूं घूं. जिजाचं तोंड पुसून झालं. घूं घूं! कुमुद गोठ्यात डोकावली. बॅटऱ्यांतून बुडबुड आवाज येत होता, चुलीवर पेज रटरटावी तसा! आंबट वास नाकात शिरला आणि तिला एकदम कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. परीक्षानळी, हायड्रोजन, तोंडाशी धरलेली जळती काडी... पॉप! एवढ्याशा नळीचा तेवढा आवाज. इथे तर अख्खी गाडी! आणि समोर, हातभर अंतरावर, निरांजन शांतपणे तेवत होतं.

"बुधाजी! बुधाजी, धावा! स्फोट होणार!"

बुधाजी धावत आला. "काय झालं, बाय? जनावर निगालं?"

"तो दिवा विझवा आधी!"

"पूजेतला दिवा इजवू?" बुधाजी दोन पावलं मागे सरकला. "काय बोलता काय!"

"मग बाहेर तरी न्या!"

"हलवायचा नाय ना पन."

"बरं, चार्जरचं बटण बंद करा, नाहीतर प्लग तरी उपटा."

"दोनी बी पूजेत हायत. पिलगाला बी माळ हाय."

"मग वायर कापा!"

"कापली असती," बुधाजी डोकं खाजवत म्हणाला, "पन पकड पूजेत हाय. कोयता पूजेत हाय. इळा बी पूजेतच."

कुमुद स्वतः बटणाकडे निघाली. पदवीधर बाई होती, तिला काय! हात पुढे केला. तेवढ्यात जिजानं गोदूबाईच्या कडेवर एक शिंक दिली. एकच, बारीकशी. कुमुदचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

बी.एस्सी. म्हणत होती, बंद कर. आई म्हणत होती, उगाच विषाची परीक्षा कशाला? बंद करावा तर जिजाला भोवेल, न करावा तर गोठा उडेल आणि तरी जिजालाच भोवेल. आणि गोठा नाही उडाला, बॅटऱ्या नुसत्या उकळून कोरड्या पडल्या, तरी ट्रंक बांधायचीच!

"दारं उघडा! सगळी दारं उघडा, वायू बाहेर जाऊ दे!"

हे मात्र पूजेच्या नियमात बसत होतं. बुधाजीनं दोन्ही दारं सताड उघडली. वारा आत आला, निरांजन फडफडलं, आणि गोदूबाई किंचाळली, "दिवा! अगं बाय, दिवा जातोय!" तिनं ज्योतीपुढे पदर धरला. झालं! कुमुद वाऱ्याला आत घेतेय, गोदूबाई वाऱ्याला अडवतेय.

हा आरडाओरडा ऐकून शेजारच्या वाडीतली माणसं जमली. पुढे पोपट होता. वाडीत कुठेही काही खुट्ट झालं की नारळ घेऊन हजर होणारा गृहस्थ.

"काय झालं, बुधाजीदादा?"

"मुकी बोलाया लागली रं! सकाळधरनं थांबंना!"

बुधाजीला फक्त चार्जरबद्दल सांगायचं होतं. पण पोपटनं आत पाहिलं. झेंडूच्या माळा, कुंकवानं माखलेलं यंत्र, घूं घूं घुमणारा आवाज, आतून उठणारे बुडबुडे, आणि समोर केस सुटलेल्या बाईसाहेब! त्यानं दारातच लोटांगण घातलं.

"आई आलीया! घुमतीया बघा कशी! आवो, नारळ द्या रं कुनीतरी!"

"अहो, देवी नाही, हायड्रोजन आहे तो!" कुमुद ओरडली. "लांब व्हा! विडी विझवा ती! आणि उदबत्ती लावू नका हो, मालनबाई!"

वाडीतल्या मालनबाईनं तोवर उदबत्त्यांचा जुडगा पेटवलासुद्धा होता! कुमुदनं तो हिसकून मंगळीच्या पाण्याच्या डोणीत बुडवला. लोकांत कुजबुज झाली. बाईसाहेबांच्या अंगातही काहीतरी आलंय, हे आता सगळ्यांना पटलं. कुणीतरी तिलाच विचारलं, "आई, यंदा लेकाचं लगीन जमंल का?"

"मागे व्हाल, तर जमेल!" कुमुद किंचाळली.

सगळे चटकन मागे झाले. त्या गडबडीत गोदूबाईला दोन्ही हातांनी पदर धरायची वेळ आली, आणि तिनं जिजाला खाली ठेवलं.

जिजाला दुपारपासून एकच गोष्ट दिसत होती. ती रांगत थेट चार्जरपाशी गेली, त्याला धरून उभी राहिली आणि बटणावरच्या गूळखोबऱ्याला तोंड लावलं.

"जिजा!"

कुमुदनं जशी उडी मारली, तशी तिनं कॉलेजच्या मैदानावरही कधी मारली नव्हती. पाट ओलांडला, कुदळी ओलांडल्या, निरांजनावरून ती गेली आणि तिच्या पदराच्या वाऱ्यानं दिवा फट्कन विझला. पण ती पोचेपर्यंत जिजानं गोळा चाटूनपुसून काढला होता, खाचेत अडकलेलं खोबरं इवल्या नखानं उकरलं होतं, आणि आता आणखी गूळ कुठे आहे ते बघायला बटण दोन्ही हातांनी पिळत होती.

टिंग!

घूं घूं थांबली. इतकी शांतता झाली, की बाहेर मंगळीचं रवंथ ऐकू आलं.

"नैवेद्य घेतला!" पोपट पुटपुटला. "पोरीच्या रूपानं घेतला!"

कुमुदनं जिजाला उराशी धरलं. तिचं कपाळ, पोट, तळवे चाचपून झाले. काही झालं नव्हतं, फक्त तोंड गुळानं बरबटलेलं. मग तिची नजर रिकाम्या बटणावर गेली. तिथे तिच्याच बोटांचा ठसा होता, कुंकवात छान उमटलेला. शून्याकडे फिरणारं बटण त्या गोळ्यानंच अडवून धरलं होतं, हे तिला लख्ख कळलं. तिनं तो ठसा पदरानं पुसला. पूजा तर आता मोडलीच होती.

दुसऱ्या दिवशी शेठ, मोटीबा आणि दिगंबर आले, तेव्हा फाटकापासून गोठ्यापर्यंत माणसं हात जोडून उभी होती. मुकी फुलांत बुडाली होती, आसनावर नारळांची रास. कुमुदला वेगळीच धास्ती होती. बॅटऱ्यांत जीव किती उरलाय, ते देवीलाच ठाऊक!

"बा, बेसो," शेठ आसनाकडे हात करून म्हणाले.

मोटीबांनी गाडी बघितली. पोपटनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी सपाता काढल्या आणि कपाळाला हात लावला.

"आ तो माताजीनी गाडी छे! एना पर बेसाय?"

आणि गुडघे, शेठ, दिगंबर, कुणाचंही न ऐकता त्या टेकाड चढून गेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा! दिगंबर मागून खुर्ची घेऊन धावला, पण त्यांना ती लागलीच नाही.

शेठचे डोळे भरून आले. त्यांनी दिगंबरची पाठ थोपटली. मुकी पुन्हा कुणी चालवली नाही. तिची दर खंडेनवमीला पूजा मात्र होते, आणि मंगळी अजून चिंचेखालीच आहे.

त्या दिवशी दिगंबरनं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "चार्जर नीट बंद झाला होता ना गं काल?"

"न व्हायला काय झालं?" कुमुद पदर सावरत म्हणाली. "पदवीला फिजिक्स होतं माझं."

तिच्या कडेवरून जिजानं बाबांकडे बघितलं, तोंड भरून हसली, आणि आयुष्यातला पहिला स्पष्ट शब्द उच्चारला.

"टिंग!"