पंचशीलाताईचा तीळ

"चाचा, तुम्हाला टचिंग येतच न्हाई, म्हणून तुम्ही ते करत न्हाई, हे खरं हाय का?"

प्रश्न माझा नव्हता. वर्गातल्या गौसियानं आणि तिच्या टोळीनं मला पैजेवर विचारायला लावला होता. पण विचारताना इतकी मजा आली, की मी तो माझाच करून टाकला.

करीमचाचांचा फोटो स्टुडिओ आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. लातूर जिल्हा झाल्यापासून गावात जो तो फोटो काढत सुटला होता. नोकरीला फोटो, कर्जाला फोटो, सोयरिकीला फोटो. गर्दी मात्र सगळी मेन रोडच्या नव्या स्टुडिओत. तिथं 'टचिंग' म्हणून निगेटिव्हवर पेन्सिल घासून घासून चेहऱ्यावरचं असेल नसेल ते काढून टाकायचे. सुरकुत्या जायच्या, देवीचे वण जायचे, कधी कधी अर्धं नाकही जायचं. आत गेलेला माणूस उकडलेल्या अंड्यासारखा होऊन बाहेर यायचा आणि लोक त्यालाच 'फस्क्लास' म्हणायचे! आमच्या शेजारणीनं नवऱ्याचा म्हणून तिथून दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो आणला. आठवडाभर तो भिंतीवर होता. नवऱ्यानंही ओळखलं नाही.

करीमचाचा माझ्या प्रश्नावर चिडले नाहीत. काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "येतं बेटी, सगळं येतं. पण माझा एक उसूल हाय. पंधरा दिवसांत जाणारं जे असंल ते मी काढतो. घामोळं, मुरूम, फोड. आणि जे माणसासंगं राहणार हाय, त्याला हात लावत नै. तीळ हाय, वण हाय, ते तर त्याचं नाव-गाव हाय. मी कोण पुसणारा?"

"आणि कुठलं जाणार, कुठलं राहणार, ते तुम्हाला कसं कळतं?"

"तीस साल झाले," चाचा हसले. "एक नजर पुरं."

त्या नजरेसमोर स्टुलावर माझी पंचशीलाताई बसली होती. कंधारच्या एका शाळामास्तरांचं स्थळ आलं होतं. त्याआधी आलेल्या तीन स्थळांनी "डी.एड. मधेच सोडावं लागंल" असं सांगितलं होतं. एकट्या कंधारकरांनी "शिकू द्या की, आमची काय हरकत न्हाई" असा निरोप धाडला होता. त्यामुळे ताईला हेच स्थळ हवं होतं. तोंडानं ती बोलायची नाही, पण कंधारचं नाव निघालं की पोळी करपायची.

आता यातली गंमत. आमचे बाबा, निवृत्ती कांबळे, नव्या कलेक्टर ऑफिसात क्लार्क. घरात देव नाही, गंडा नाही, दोरा नाही. दृष्टबिष्ट म्हणणाऱ्याला ते तासभर उभं करून समजावतात. त्यामुळे आईला जे काय करायचं ते चोरून करावं लागतं. एरवी ती आमच्या कानामागं काजळाची तीट लावायची, बाबांना दिसू नये म्हणून. पण त्या दिवशी तिनं वेगळाच विचार केला. कॅमेऱ्याचा डोळा एवढा मोठा. त्याला कानामागची तीट दिसणार कशी? म्हणून तिनं ती सरळ ताईच्या डाव्या गालावर लावली. नाजूक, गोल, अगदी मोजून-मापून लावल्यासारखी.

चाचांच्या तीस सालच्या नजरेनं तिला तीळ ठरवलं. ताईच्या कपाळावरचं घामोळं त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं अलगद काढलं आणि तीट मोठ्या अदबीनं जपली.

फोटो घरी आला. आईनं बघितला आणि पदर तोंडाला लावला. बाबांनी बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ह्याला म्हणतात फोटो! खोटंनाटं काही न्हाई. तीळसुद्धा आला बघ."

"तीळ?" मी म्हणाले.

"जन्मापासून हाय तिला. तू तेव्हा नव्हतीस."

वीस वर्षं एका घरात राहून बापाला पोरीचा गाल ठाऊक नाही! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की खरं बोलणं दहावीनंतर करावं असं मी ठरवलं.

आठवड्यानं कंधारहून निरोप आला. मुलगी पसंत. मुलाच्या आईला, पार्वतीबाईंना, तर तीळ फार आवडला. त्यांच्या सासूबाईला तिथंच तीळ होता म्हणे, आणि ती आली तेव्हापासून घराची भरभराट झाली. पुढच्या रविवारी बघायला येतो.

"आता?" ताई पांढरी पडली.

"आता काय," आई म्हणाली, "लावायचा."

रविवारी जीप आली. मुलगा लिंबाजी मास्तर, पार्वतीबाई आणि चार नातेवाईक. जयभीम झालं, पोहे झाले. ताईच्या गालावर सकाळीच आईनं फोटो शेजारी ठेवून तीळ बसवला होता. मास्तर ताईकडं बघायचे सोडून बाबांशी अंधश्रद्धेवर बोलत होते. बाबा इतके खूश, की पोरगी राहू द्या, जावईच दत्तक घेतो म्हणतील असं वाटत होतं.

मग पार्वतीबाईंनी बटवा बाजूला ठेवला. "पोरी, जरा तोंड धुवून ये. हल्ली पावडर लई लावतेत. मागच्या साली एक फोटो बघून गेलो, तर पोरगी निराळीच निघाली."

आई चटकन म्हणाली, "धुतलं असतं हो वैनी, पण घरात घोटभर पाणी न्हाई. चार दिस झाले नळाला."

खोटं नव्हतं. दुष्काळाचा आमच्या घराला झालेला हा पहिला आणि शेवटचा उपयोग. पार्वतीबाईंनी मान हलवली. आईनं सुस्कारा सोडला. आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

लातुरात टँकर आल्यावर पाहुणा, पोहे, लाज असलं काही राहत नाही. आई घागर घेऊन पळाली, मी बादली, बाबा दोन कळशा. पार्वतीबाईही उठल्या. "सोयरीक मग, पाणी आधी!" म्हणत त्यांनी आमचं पातेलं उचललं. मास्तरांनी बाह्या सारल्या. आणि ताई, नवी साडी खोचून, डोक्यावर भरलेली घागर घेऊन परत निघाली. उंबऱ्याशी तिला ठेच लागली, घागर कलली, आणि चार दिवस न मिळालेलं पाणी तिच्या तोंडावरून खाली आलं.

तीळ गालावरून निघाला, हनुवटीपर्यंत आला आणि तिथून टपकला.

पार्वतीबाईंनी पदरानं तिचा गाल पुसला. पदर बघितला. मग गाल बघितला. "तीळ गेला!"

"असं कसं?" बाबा कळशीसकट ओरडले. "जन्मापासून हाय!"

"मग गेला कुठं?"

"फोटोवाल्याचं काम!" नातेवाइकांपैकी एक जण म्हणाला. "फोटोत तीळ त्यानंच रंगवला असंल. आणि ते झाकायला तुम्ही आज पोरीचा गाल रंगवला!"

झालं. सगळी वरात करीमचाचांकडं. बाबा पुढं, कारण त्यांना तीळ हरवल्याचा खुलासा हवा होता. ताई सगळ्यात मागं. तिच्या डोळ्यांतलं पाणी टँकरचं नव्हतं.

"मी टचिंग केलं?" चाचांचा आवाज फाटला. "मी? सारा गाव मला हसतो, ह्याला टचिंग येत नै म्हणून! ही तुमचीच पोरगी हसून गेली!" मी पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. चाचांनी निगेटिव्ह उजेडात धरलं. "बघा, तीळ हाय! ह्या दिवशी ह्या गालावर तीळ होता! करीम खोटं बोलत असंल तर हे दुकान आजपासून बंद!" आणि ते खरंच पाटी काढायला स्टुलावर चढले.

आई इतका वेळ गप्प होती. आता तिनं स्टूल धरलं. "उतरा, चाचा. तीट हाय ती. मी लावली."

"तीट?" बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या घरात?"

"तुमच्याच. तुम्हीच म्हणलात न्हवं, जन्मापासून हाय म्हणून!"

मास्तर गंभीरपणे आईला म्हणाले, "मावशी, हे बरोबर न्हाई. शिकलेल्या घरात असल्या गोष्टी..."

पार्वतीबाई एकाएकी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी मास्तरांचा कान पकडला आणि पुढं वाकवला. मागं हा एवढा काळा ठिपका. "सकाळी तेल लावताना लावली. म्हणलं, बघायला चाललाय, कुणाची नजर नको." मग आईकडं वळून त्या म्हणाल्या, "कानामागं लावायची असती, वैनी! गालावर कोण लावतं?"

दोन बुद्धिवादी एकमेकांकडं बघत उभे होते. हे असलं दृश्य बघायला मी पैसे द्यायला तयार होते.

शेवटी मास्तर कान चोळत, पहिल्यांदाच, ताईला म्हणाले, "तीळ आईला पाहिजे होता. मला न्हाई. तुमचं काय म्हणणं?"

"माझं डी.एड. पुरं होऊ द्या," ताई म्हणाली.

"ते मी पहिलंच म्हणलं की."

ठरलं. पेढे आले. करीमचाचा तेवढे एका कोपऱ्यात बसून निगेटिव्हकडं बघत पुटपुटत होते, "पंधरा दिवस कशाचे, एका घागरीत गेली ती."

रात्री आईचं विमान ढगात होतं. माझ्याकडं बघत ती म्हणाली, "आता सिंधूचा बी फोटो काढून ठेवू. एकदा दहावी झाली की..."

"बरोबर हाय," बाबा म्हणाले. "चांगली स्थळं थांबत न्हाईत."

मी जेवता जेवता उठून उभी राहिले. "फोटो काढा, पण तो कुणाला धाडायचा न्हाई. मी अकरावीला सायन्स घेणार, मग नांदेडला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करणार. ताईला शिकायची परवानगी कंधारहून आणावी लागली. माझी मी इथंच घेतली."

"अगं, पण आधी आम्हाला विचारायचंस तरी," बाबा म्हणाले.

"विचारत न्हाई, बाबा. सांगतेय."