तीस डिसेंबरचा मासा

सामोआतल्या आमच्या गावच्या रेडिओवर पेसामिनो रोज सकाळी दिनविशेष वाचतो. तीस डिसेंबरसाठी त्याच्याकडे एकच नोंद होती: १९२२, सोव्हिएत संघाची स्थापना.

"आपल्या गावाचं काहीच नाही?" आदल्या संध्याकाळी लाफाएलेने विचारलं. हा गावसभेतला मानकरी. "मग माझा मासा घाल. होडीपेक्षा हातभर लांब."

"साल काय घालू, काका?"

"दोन हजार अकरा घाल."

पेसामिनोने घातलं. सकाळी सोव्हिएत संघापाठोपाठ मासाही गावभर गेला. दहा मिनिटांत मातिलिता बाईंचा फोन. बाई शाळेत भूगोल शिकवतात.

"पेसामिनो, त्या वर्षी सरकारने आपल्याला तारीखरेषेच्या पलीकडे नेलं ना? एकोणतीसला झोपलो, एकतीसला उठलो. मधला दिवस उगवलाच नाही. मासा कुठून आला?"

दुपारी गावसभा बसली. रेडिओवरून गावाला थाप मारली म्हणून दंड ठरला: डबाबंद माशांची दहा खोकी. होडीएवढा मासा पकडणाऱ्याने डब्यातले मासे आणायचे, म्हणजे पोरंसोरंही हसणार. लाफाएले ताडकन उठला.

"मासा खोटा कसा? मी त्या दिवशी शेजारच्या बेटावर, पागो पागोला होतो," तो म्हणाला. "तिकडे अमेरिकेचा कारभार. त्यांनी काही तारीख बदलली नाही. त्यांच्याकडे तीस तारीख चांगली सकाळपासून रात्रीपर्यंत होती."

सभेने माना डोलावल्या. बाईंनाही कबूल करावं लागलं. दंड रद्द व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात लाफाएलेची बायको सालोते कोकोचं पातेलं घेऊन आत आली. तिने ते सावकाश खाली ठेवलं.

"अहो, तुम्ही तर त्या आठवड्यात आपल्याच सवाई बेटावर गेला होतात. आजारी आत्याकडे."

"फुलाफुलांचा नवा सदरा घालून परत आलात. आत्याने दिला म्हणालात." तिने त्याच्या हातात वाटी दिली. "पागोला कुणाकडे उतरला होतात?"

लाफाएलेने कोकोचा एक घोट घेतला. भलताच कढत असावा. मग तो सभेकडे वळला.

"दंड दहाच खोकी ना? बारा लिहा. मासा नव्हता, पागो नव्हतं, काही नव्हतं. मी सवाईलाच होतो."

पुढच्या वर्षी तीस डिसेंबरला पेसामिनोने दोन नोंदी वाचल्या. १९२२, सोव्हिएत संघाची स्थापना. २०११, आपल्या गावात काहीही घडलं नाही. सदऱ्याबाबत सालोतेकाकूंची चौकशी अजून चालू आहे.