लिफ्टमधला संप

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझ्या उरलेल्या दोन दाढा संध्याकाळच्या आत पडोत. मी चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते. सगळं या कानांनी ऐकलंय, आणि जे ऐकू आलं नाही ते त्यानं मला नंतर स्वतः सांगितलंय.

तो म्हणजे आमची लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वय साठीला टेकलेलं, हाताला कायम ग्रीसचा वास आणि तोंडात कायम कामगार. तरुणपणी युनियनमध्ये होता. युनियन केव्हाच संपली, बोलणं तेवढं मागे राहिलं. म्हणून सगळे त्याला 'मोर्चा' म्हणतात. बायको होती तोवर बरं होतं. तो बोलायचा, ती भाजी निवडायची. ऐकायची की नाही देव जाणे, पण उठून जायची नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि मोर्चाचं घर एकदम गप्प झालं.

उरला रविवार. त्याचा मेहुणा आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो. तिथं दर रविवारी सकाळी चौघं कॅरम खेळायचे. मोर्चा, मेहुणा, बेकरीवाला आणि चष्म्याच्या दुकानाचा मालक. बाकी तिघांना राजकारणाचं वावडं. सरकार कुणाचं आहे हे बेकरीवाल्याला मतदानाच्या सुट्टीवरून कळतं. त्यांनी नियमच केला होता. मोर्चानं राजकारण काढलं की जिंकलेली एक सोंगटी बोर्डावर परत ठेवायची. 'भाववाढ' म्हणाला, एक सोंगटी. 'खाजगीकरण' म्हणाला, दोन. एका रविवारी बिचारा नऊ सोंगट्या जिंकूनही उणे चारवर घरी गेला.

तर त्या रविवारी चौघांनी मिळून नवा बोर्ड आणला. तो घेऊन लिफ्टमध्ये शिरले. बेकरीवाल्यानं बोर्ड दाराला टेकवला, दार बोटभर सरकलं आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधे गचकन थांबली.

"काय झालं रे?" चष्मेवाल्यानं विचारलं.

मोर्चाला काय झालं ते तत्क्षणी कळलं होतं. बोर्ड उचलायचा, बटणांखालचं छोटं झाकण उघडायचं, आत किल्ली घालून अर्धी फिरवायची, संपलं. त्यानं खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली. मग त्यानं मान वर केली. समोर तीन माणसं, आणि एकालाही उठून जायला जागा नाही.

त्यानं हात रिकामाच बाहेर काढला.

"वेळ लागेल," तो म्हणाला. "तोवर काहीतरी बोलूया."

"माझ्या गुडघ्याबद्दल बोलूया," चष्मेवाला म्हणाला.

"आठ तासांची पाळी आपल्याला कुणी मिळवून दिली, ठाऊक आहे?"

"झालं सुरू," मेहुणा म्हणाला. "दाजी, सोंगटी जाईल हं."

"बोर्ड उभा आहे आणि सोंगट्या पिशवीत," मोर्चा म्हणाला. "आज नियम लागू नाही."

आणि मग जे सुरू झालं! पाळी झाली, बोनस झाला, कंत्राटी पद्धत झाली. बेकरीवाला तेवढ्यात दोन किलो उतरला, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शेवटी मोर्चा काचकारखान्यावर आला. बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या चाळीस बायका, एकसष्ट दिवसांचा संप, आणि बासष्टाव्या सकाळी त्या गेटसमोर येऊन उभ्या. इथं आवाज असा खाली आणला त्यानं की मी स्टूल पुढे ओढलं.

"आता गेट बंद," तो म्हणाला. "ऐका नीट. गेटची किल्ली ज्याच्या खिशात, तो मालक. कोण आत जाणार आणि कोण अडकून पडणार, हे तो ठरवतो. बाकी सगळे मजूर."

बोलता बोलता त्यानं घाम पुसायला रुमाल ओढला. रुमालाबरोबर किल्ली आली आणि खण्णकन खाली पडली.

"दाजी, ही कशाची?"

"घरची."

"घरच्या किल्लीवर 'लिफ्ट' लिहिलंय?" चष्मेवाल्याची नजर पक्की, धंदाच तो.

मोर्चानं किल्ली उचलून खिशात टाकली. कुणी हिसकावली नाही, कारण ती कुठं घालायची हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिघं एका कोपऱ्याकडे तोंडं करून कुजबुजले. कोपरा हातभर लांब, त्यामुळे मोर्चाला सगळं ऐकू येत होतं, तरी त्यानं शिष्टाचार म्हणून छताकडे पाहिलं.

चष्मेवाला खाकरला. "आम्ही संघटना स्थापन केली आहे. एकमतानं. मागणी एकच, लिफ्ट चालू करा. तोपर्यंत ऐकणं बंद."

मोर्चाचे डोळे भरून आले. "खरंच? चाळीस वर्षं वाट बघतोय रे मी. सही कुठं करू?"

"तुला घेता येणार नाही," बेकरीवाला म्हणाला. "तू मालक."

"मी? अरे, मी जन्मभर..."

"किल्ली कुणाच्या खिशात आहे?"

मोर्चानं खिसा चाचपला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा मुद्दा कुणाला तरी पटला होता.

तिघांनी कानावर हात ठेवले, भिंतीकडे तोंडं केली आणि घोषणा सुरू केली. "किल्ली फिरवा, किल्ली फिरवा!" आणि काय सांगू, जुनी सवय ती. मोर्चाची मूठ वर गेली. स्वतःविरुद्धच्या घोषणेला त्यानं दोनदा साथ दिली, तिसऱ्यांदा लक्षात आलं तेव्हा हात खाली घेतला. मग किल्ली फिरवली.

लिफ्ट चौथ्यावर आली. तिघं बोर्ड घेऊन उतरले आणि उरलेले दोन मजले जिन्यानं निघाले.

"दाजी, आज राहू द्या," मेहुणा वळून म्हणाला. "आणि पुढच्या रविवारीही. चौथा आम्ही बघतो कुणीतरी."

मोर्चा लिफ्टमध्येच उभा होता.

"आजी," तो मला म्हणाला, "पण संघटना चांगली बांधली हं. एकही फुटला नाही."

पुढच्या रविवारी तो लिफ्टचं दार नीट करायला आला. वर खेळ चालू होता. थोड्या वेळानं बेकरीवाला जिना उतरून आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "ते काचकारखान्याचं अर्धंच राहिलं. त्या बायकांना घेतलं का शेवटी आत?" मोर्चानं पाना खाली ठेवला आणि सांगितलं, अगदी शेवटपर्यंत.

आता एवढं सगळं खरं सांगितलंय, तर एक कबूल करते. बेकरीवाला आला नव्हता. तेवढं मी पदरचं घातलं. मोर्चा मात्र दर रविवारी येतो, काही बिघडलेलं नसलं तरी. दार उघडं ठेवून वरच्या सोंगट्यांचा आवाज ऐकत उभा राहतो. मीच विचारलं असतं त्याला. पण त्या बायकांचं काय झालं ते त्यानं मला तीनदा सांगून झालंय. आता पुन्हा विचारलं तर त्याला ते खोटं वाटेल, एवढं माझ्यासारखीलाही कळतं.