काखेतला अँटेना

माझ्यासारखा पांढरा रस्सा शिरोळ तालुक्यात कुणाच्या हाताला जमत न्हाय! हे मी सांगत नाही, जेवून गेलेले सांगतात. मी फक्त त्यांना सांगायला लावते.

माझा धैर्यशील कोल्हापुरात इंजिनिअरिंग कॉलेजला प्रोफेसर. अकरा वर्षं एकच काम, अँटेना. टीव्हीचा नव्हे! टिकलीएवढा, आजारी माणसाच्या कातडीखाली बसवायचा. तिथनं तो साखरेची खबर डॉक्टरच्या मोबाइलला धाडणार. मी चौथी नापास, पण प्रश्न पडलाच.

"व्हय रं, एवढ्या मांसातनं खबर भाईर येती कशी?"

"लाटा असतात आई. बऱ्याच अंगातच जिरतात. उरलेल्या भाईर."

"आन् माझी हाक एका भिंतीतनं तुझ्या बायकोपातुर जात न्हाय ती?"

सून क्रांती शेजारीच लसूण सोलत होती. तिला हेही ऐकू आलं नाही!

मागल्या महिन्यात एक दिवस बंगळूरहून दोन साहेब यायचे होते. धैर्यशीलचं काम चालू ठेवायचं का गुंडाळायचं, ते ठरवणार. त्या दिवशी सकाळी कॉलेजातनं त्याचा फोन आला. "आई, फ्रिजमधलं मटण घरीच राहिलं. साहेब अकराला येतील. घेऊन ये."

आता तुम्हीच सांगा, पाव्हण्यांपुढं कच्चं मटण कोण नेतं? अकराच्या ठोक्याला रस्सा, सुकं, डबा आणि सून घेऊन मी हजर!

धैर्यशीलनं झाकण काढलं आणि तो मटकन खाली बसला.

"शिजवलंस?"

"मग काय, नुसतं दाखवायला आणायचं?"

"व्हय! त्यात अँटेना ठेवून मोजायचं होतं!"

दुसरं आणावं तर साहेबांना दुपारचं विमान गाठायचं, तेवढा वेळ नव्हता. पोराचा चेहरा बघवेना.

"मांसच पायजे न्हवं?" मी म्हटलं. "मग मी सत्तर किलोची कशाला उभी हाय?"

साहेबांनी एकमेकांकडं बघितलं. मोठे साहेब म्हणाले, "अँटेना काखेत धराल?"

धरला! धैर्यशील कानाशी आला. "पाच मिनिटं बोलायचं न्हाय. बोललीस की रेघ उडती."

"बरं," मी म्हटलं. पडद्यावरची रेघ छताला!

मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "आता शेवटचं."

परत सुरू. तेवढ्यात वासानं धाकट्या साहेबांचा धीर सुटला. वाटीभर रस्सा भुरकून म्हणाले, "वा! कुणी केला?"

क्रांती लाजली. "मीच की!"

माझ्या नरड्याशी शब्द आला. धैर्यशीलकडं बघितलं. तो रेघेकडं बघत होता, दहावीच्या निकालाकडं बघत होता तसा. शब्द गिळला.

"अजून घ्या की," क्रांती म्हणाली. "ह्या आमच्या आत्याबाईंना बी मीच शिकवला!"

रेघ थरथरली.

"हे काय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"श्वास," धैर्यशील म्हणाला.

पाच मिनिटं झाली. काम मंजूर! "रस्सा..." म्हणून मी तोंड उघडलं, तोवर साहेब गाडीत.

तो अँटेना धैर्यशीलनं कौतुकानं घरी आणून ठेवलाय. आता माझा आवाज जरा चढला, की क्रांती तो आणून पुढं करते.

"आत्याबाई, पाच मिनिटं काखेत धरता का?"

धरते की! काय सांगावं, कुठं तरी मोजत असला तर?