विचार न करण्याचं बक्षीस

विचार न करण्यात आमच्या नाट्यवर्गात माझा हात धरणारं कुणी नाही! दोन महिन्यांपूर्वी मात्र मी साधं ‘जेवलीस का’ याचं उत्तरही मनात तीनदा घोळवून द्यायचे. मग सरांनी एक घंटी आणली. पाठांतर बंद. विषय प्रेक्षक देणार, समोरच्याचं म्हणणं खोडायचं नाही, आणि घंटी वाजली की तोंडात येईल ते बोलून टाकायचं.

मी जपून बोलायचे त्याला कारण होतं म्हणा. बाबांची नोकरी गेली होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. शाळेच्या प्रकल्पासाठी वाचनालयात गेले, तर टाय लावून, मांडीवर डबा घेऊन बाबा शब्दकोडं सोडवत बसलेले. आईला दोन दिवसांत सांगतो म्हणाले. त्याला झाले तीन महिने. रोज संध्याकाळी आई त्यांच्या साहेबाची खुशाली विचारायची आणि बाबा म्हणायचे, सर्दी झालीय. तीन महिने शिंकतोय बिचारा! एकदा आईला बाबांच्या डब्याच्या पिशवीत खोडरबर सापडलं, तेव्हा माझंच आहे असं मीच सांगून टाकलं.

प्रयोगाला दोघंही पहिल्या रांगेत. सरांनी विषय मागितला, तर सगळे गप्प. लेकीची पंचाईत नको म्हणून आईनेच हात वर केला. “ऑफिसला निघालेले वडील!”

वडील झाला आमच्या वर्गातला लंबू. त्याने नसलेला टाय आवळला. “चल बाळ, ऑफिसला उशीर होतोय.”

घंटी.

“कसली घाई? वाचनालय दहाला उघडतं,” मी म्हणाले.

हशा! लंबू नियमाचा पक्का, खोडणार कसा? “हो, आणि पंख्याखालची खुर्ची पटकवायची असते.”

घंटी.

“नोकरी जाऊन तीन महिने झाले. आईला कधी सांगणार?”

“सांगतो गं, एवढं शब्दकोडं होऊ दे.”

घंटी.

“पेन्सिलीने सोडवा. आणि निघताना खोडरबराने खोडून ठेवा, नाहीतर वाचनालयातल्या बाई ओरडतात.”

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसत होते, घशात काटा अडकल्यासारखे. आईही हसत होती. खोडरबरापर्यंत.

पहिलं बक्षीस मला मिळालं. तीच घंटी.

घरी चालत निघालो. पुढे बाबा, मागे आई, मधे मी, आणि माझ्या पिशवीत पावलागणिक किणकिणणारं बक्षीस. बाबा दोनदा मागे वळले आणि पुन्हा चालू लागले. कोपऱ्यावर आईने मला हाक मारली. त्यांना नाही, मला.

“ते खोडरबर तुझंच होतं ना?”

मी जागच्या जागी थांबले, म्हणजे निदान पिशवी तरी गप्प बसेल. बाबाही थांबले. आई बघत राहिली.

तेवढ्यात मागून एका सायकलवाल्याने घंटी वाजवली.

तरीही मला काही सुचलं नाही.